परतीची लहर

भाषेत नवे शब्द घडवणारे म्हटलं की आपल्याला कवी आठवतात, फार तर कोशकार. ऑलिव्हर हेविसाइड यांपैकी कोणीच नव्हता. लंडनच्या कॅम्डेन टाउनमध्ये १८५० साली त्याचा जन्म झाला. वडील लाकडी ठसे कोरण्याचं काम करायचे आणि घरी चणचण होती. लहानपणच्या आजारात त्याचे कान अधू झाले आणि सोळाव्या वर्षी शाळा संपली. तारखात्यात ऑपरेटर म्हणून काही वर्षं काढल्यावर चोविसाव्या वर्षी त्याने ती नोकरी सोडली आणि पुन्हा कधीच दुसरी धरली नाही. आई-वडिलांच्या घरी बसून तो विजेचं गणित करत राहिला आणि जिथे शब्द नव्हता तिथे त्याने शब्द घडवला. इंडक्टन्स, कंडक्टन्स, अ‍ॅडमिटन्स हे शब्द त्याचे. १८८६ सालचा ‘इम्पिडन्स’ हाही त्याचाच.

माझा या शब्दाशी संबंध आला तो भाषांतरामुळे. मी कोलकात्यात राहते आणि मुख्यतः बंगाली व इंग्रजी साहित्य मराठीत आणते. मध्यंतरी हौशी रेडिओच्या परवाना-परीक्षेसाठी लिहिलेली एक इंग्रजी पुस्तिका मराठीत करण्याचं काम माझ्याकडे आलं. हौशी रेडिओ म्हणजे लोक ज्याला ‘हॅम’ म्हणतात तो: सरकारी परवाना घेऊन, स्वतःचं यंत्र आणि स्वतःची तार वापरून, नफ्याशिवाय जगाशी बोलण्याचा छंद. पुस्तिकेतलं सर्वांत अवघड प्रकरण डायपोल अँटेना आणि तिची फीडलाइन यांच्या ‘मॅचिंग’विषयी होतं. इम्पिडन्सला ‘संरोध’ म्हणता आलं. अडचण मॅचिंगची होती. हा शब्द मराठीत केव्हाच आला आहे, पण तो आला कापडाच्या दुकानातून. गावोगावच्या ‘मॅचिंग सेंटर’मध्ये साडीच्या रंगाचाच ब्लाउजपीस मिळतो. तिथे मॅचिंग म्हणजे सारखेपणा. लग्नाच्या बाजारात पत्रिका जुळवतात, तिथे ते छत्तीसपैकी किती गुण याचं मोजमाप. रेडिओतलं मॅचिंग या दोन्हींपेक्षा वेगळं आहे आणि ते कळायला मला त्याच्या इतिहासातच जावं लागलं. त्या इतिहासात मला जे सापडलं ते असं: दोष तारेत आहे की अँटेनात, हा प्रश्न माणसं फार काळ विचारत राहिली. उत्तर मात्र बहुतेक वेळा दोहोंच्या नात्यात होतं. आणि नातं मोजायचं साधन हाती आल्यावर माणसं त्या साधनाचीच पूजा करू लागली.

सुरुवात रेडिओच्या आधीची आहे. १८५८ च्या ऑगस्टमध्ये अटलांटिक महासागराच्या तळावरून पहिली तार गेली. राणी व्हिक्टोरियाने अमेरिकेचे अध्यक्ष ब्युकॅनन यांना ९८ शब्दांचा संदेश पाठवला आणि तो पोचायला सुमारे १६ तास लागले. एका टोकाला दिलेला झटका दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पसरून, पुसट होऊन जाई. केबल कंपनीचा विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस हा मूळचा शल्यवैद्य. तारेतून ऐकू येत नसेल तर जोरात ओरडा, असा त्याचा खाक्या होता. त्याने सुमारे २००० व्होल्टचा दाब वापरला. केबलची बनावट मुळातच सदोष होती, त्यात हा मारा. काही आठवड्यांतच ती मुकी झाली. कंपनीचेच एक संचालक, ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम टॉमसन (पुढचे लॉर्ड केल्व्हिन), उलट सांगत होते: दाब कमी ठेवा आणि पलीकडचा कान तीक्ष्ण करा. त्यांच्या गॅल्व्हानोमीटरमध्ये एका चिमुकल्या आरशावरून प्रकाशाचा ठिपका सरकत असे आणि अतिशय क्षीण प्रवाहही त्यात दिसे. तार ही नळासारखी नसते, एका तोंडाने ओतलं की दुसऱ्या तोंडाने बाहेर येईल असं नसतं, हा पहिला धडा इथे मिळाला. तारेला स्वतःचा स्वभाव असतो.

हा स्वभाव गणितात मांडला हेविसाइडने. १८७६ साली त्याने तारेच्या समीकरणांत इंडक्टन्सचाही हिशेब धरला, तेव्हा असं दिसलं की वीज तारेतून केवळ झिरपत जात नाही, ती लहरीसारखी धावते. आणि लहर म्हटली की ती परतही फिरू शकते. एक जाड दोर घ्या, त्याच्या टोकाला बारीक सुतळी बांधा आणि दोराला हिसका द्या. हिसका गाठीपर्यंत जातो. थोडा सुतळीत शिरतो, उरलेला गाठीवरून उलटा तुमच्या हातात येतो. गाठ कितीही पक्की मारली तरी हे होतंच, कारण कारण गाठीत नाही, दोन दोरांच्या वेगळेपणात आहे. विजेच्या जोडतारेचंही तसंच. तिच्या जाडीवर आणि दोन तारांमधल्या अंतरावर एक आकडा ठरतो. तो ओहममध्ये मोजतात आणि त्याला तारेचा स्वाभाविक संरोध म्हणतात. शेवटाला नेमका तेवढाच रोध लावला तर आलेली लहर पूर्ण शोषली जाते, परतत नाही, हे हेविसाइडने दाखवून दिलं. सगळ्या मॅचिंगचं मूळ या एका वाक्यात आहे.

ते वाक्य ऐकून घ्यायला मात्र कोणी तयार नव्हतं. १८८७ साली हेविसाइडने असं मांडलं की टेलिफोनच्या लांब तारेत इंडक्टन्स मुद्दाम वाढवला तर आवाज विकृत न होता दूर जाईल. ब्रिटिश टपाल खात्यातला वजनदार विद्युततज्ज्ञ विल्यम प्रीस याचं मत नेमकं उलटं होतं. इंडक्टन्स म्हणजे शत्रू, तो घालवा, असं तो सांगत होता. ऑलिव्हरने आपला भाऊ आर्थर याच्यासह लिहिलेला निबंध प्रीसने अडवला. आर्थर खात्यातच नोकरीला असल्याने त्याला गप्प बसावं लागलं. त्याच वर्षी ज्या साप्ताहिकात ऑलिव्हरची लेखमाला येत होती, त्याचा संपादक बदलला आणि लेखमाला बंद पडली. पुढे १९०० च्या सुमारास कोलंबिया विद्यापीठातल्या मायकेल प्युपिनने तारेत ठरावीक अंतरावर वेटोळी बसवण्याचं पेटंट मिळवलं. अमेरिकन टेलिफोन कंपनीने ते मोठ्या किमतीला विकत घेतलं. हेविसाइड १९२५ साली टॉर्की इथे वारला तोवर त्याचे शब्द जगभरच्या अभियंत्यांच्या तोंडी रुळले होते, पण त्या कल्पनेचा पैसा त्याच्या वाट्याला आला नाही.

आता तारेकडून अँटेनाकडे येऊ. १८८६ ते १८८८ या काळात कार्ल्सरुहे इथे हाइन्रिश हर्ट्झने विद्युतचुंबकीय लहरी प्रत्यक्ष निर्माण करून दाखवल्या. त्याचं साधन म्हणजे जगातला पहिला डायपोल: एका रेषेत दोन दांडे, टोकांना धातूचे गोळे आणि मध्ये ठिणगी पडायची फट. त्याला आपण आज म्हणतो तशी फीडलाइन नव्हती. ठिणगी अँटेनाच्या पोटातच पडत होती. बोलणारा आणि त्याचं तोंड एकाच जागी असल्यावर मध्ये निरोप्या कशाला? त्यामुळे मॅचिंगचा प्रश्नही उद्भवला नाही.

मी राहते त्या शहरात १८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी टाउन हॉलमध्ये रेडिओलहरींचं जाहीर प्रात्यक्षिक केलं. पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये त्यांनी काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर काम केलं. त्या लहरी वाहून नेण्यासाठी त्यांनी धातूच्या नळ्या वापरल्या आणि नळीच्या तोंडाला पसरत जाणारं नरसाळं लावलं. आज त्याला हॉर्न अँटेना म्हणतात. नळी एकदम संपली असती तर बरीच लहर तोंडाशीच उलटी फिरली असती. नरसाळं हळूहळू रुंद होतं, म्हणून लहरीला नळी कुठे संपली आणि मोकळी हवा कुठे सुरू झाली हे जाणवतच नाही. सनईच्या टोकाचं धातूचं तोंड पसरट असतं, त्यालाही असंच कारण आहे. दोन वेगळ्या जगांमधली पायरी उतरंड करून टाकणं, हा मॅचिंगचा एक जुना आणि देखणा मार्ग.

पण फीडलाइनची गरज खरी निर्माण केली ती हौशी लोकांनी, आणि तीही एका हकालपट्टीमुळे. टायटॅनिक बुडाल्यानंतर अमेरिकेने १९१२ साली रेडिओचा कायदा केला. लांब लहरी जहाजांसाठी, लष्करासाठी आणि कंपन्यांसाठी राखल्या गेल्या. हौशी मंडळींना २०० मीटर आणि त्याहून आखूड लहरींत ढकललं गेलं. आखूड लहरी दूरच्या संपर्काला निरुपयोगी, असा तेव्हाचा समज होता, म्हणून हा उकिरडा त्यांना देण्यात कोणाला काही गमावल्यासारखं वाटलं नाही. १९२१ च्या डिसेंबरमध्ये पॉल गॉडली हा अमेरिकन हौशी स्कॉटलंडमधल्या आर्ड्रॉसन इथे तंबू ठोकून बसला आणि अटलांटिकपलीकडच्या हौशी केंद्रांचे संकेत त्याने ऐकले. १९२३ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतला फ्रेड श्नेल आणि फ्रान्समधला लेओं दलोय यांच्यात दोन्ही बाजूंनी बोलणं झालं, १०० मीटरच्या आसपास. ज्या कोपऱ्यात ढकललं होतं तिथूनच महासागर ओलांडला गेला.

लहर आखूड झाली की अँटेनाही आखूड होते. डायपोलची लांबी लहरीच्या निम्म्याहून किंचित कमी असते. ४० मीटरच्या लहरीला साधारण २० मीटर तार, मधोमध तोडलेली. एवढी तार परसात, दोन झाडांमध्ये किंवा गच्चीवर मावते. पण यंत्र घरात, टेबलावर आणि तार बाहेर, जितकी उंच तितकी बरी. हर्ट्झच्या पोटातली ठिणगी आता दहा-वीस मीटर दूर गेली. मध्ये निरोप्या आला. आणि निरोप्या आला की त्याचा स्वभावही आला.

१९२० आणि ३० च्या दशकांतला निरोप्या म्हणजे उघडी जोडतार: दोन समांतर तारा आणि त्यांना सारख्या अंतरावर ठेवायला मेणात उकळलेल्या लाकडाच्या पट्ट्या. २ मिलिमीटर जाडीच्या दोन तारा १५ सेंटीमीटर अंतरावर धरल्या की स्वाभाविक संरोध ६०० ओहमच्या जवळपास येतो. उलट मोकळ्या आकाशातल्या डायपोलच्या मध्यावर संरोध असतो सुमारे ७३ ओहम, आणि जमिनीपासूनची उंची बदलली की तोही बदलतो. म्हणजे इथे एक आणि आठ इतका फरक. दोर आणि सुतळीची गाठ.

यावर त्या काळच्या हौशींनी काढलेले उपाय वाचताना मला भाषांतरकारांच्या युक्त्या आठवत राहिल्या. एक उपाय असा की डायपोल मध्यावर तोडूच नये. मध्यापासून टोकाकडे सरकलं की संरोध वाढत जातो. त्यातली योग्य जागा शोधून तिथेच तार जोडावी. १९२९ साली लोरेन विंडम याने ‘क्यूएसटी’ या हौशींच्या मासिकात एकेरी तारेच्या फीडरची अशी एक अँटेना मांडली आणि तिला त्याचंच नाव चिकटलं. दुसरा उपाय मला अधिक मोलाचा वाटतो. ६०० आणि ७३ यांच्यामध्ये पाव लहर लांबीचा एक तिसरा तुकडा घालायचा, ज्याचा संरोध या दोन्ही आकड्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे २०९ ओहम असेल. त्यासाठी १२ मिलिमीटर जाडीच्या दोन धातूच्या नळ्या साडेतीन सेंटीमीटर अंतरावर बसवल्या तरी भागतं. गंमत अशी की हा तुकडा लहरी परतवणं थांबवत नाही. त्याच्या दोन्ही टोकांवरून लहरी परततात. पण दुसऱ्या टोकावरून परतलेली लहर पाव अधिक पाव असा फेरा करून येते आणि पहिल्या टोकावरून परतलेलीला नेमकी विरुद्ध पडते. दोघी एकमेकींना मिटवतात. तो तुकडा ६०० चा होत नाही आणि ७३ चाही होत नाही. मॅचिंग सेंटरवालं मॅचिंग हे नव्हे. इथे कोणीच आपला रंग बदलत नाही. मध्ये एक तिसरा उभा राहतो, जो दोघांपैकी कोणासारखाच नसतो, आणि त्यामुळेच दोघांचं जमतं.

हे गणित तेव्हा हाताने करायचं म्हणजे दमछाक. ती वाचवणारा नकाशा तीन भाषांत, तीन माणसांनी, एकमेकांना न विचारता काढला. जपानमध्ये मिझुहाशी तोसाकू यांनी १९३७ साली, अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतल्या फिलिप स्मिथने १९३९ च्या जानेवारीत, आणि त्याच सुमारास सोव्हिएत रशियात अमिएल व्होल्पर्ट यांनी. वर्तुळात वर्तुळं गुंफलेली ही आकृती हाती आली की तारेवर पुढेमागे सरकताना संरोध कसा बदलतो हे बोटाने दाखवता येतं. जग तिला ‘स्मिथ चार्ट’ म्हणून ओळखतं. जपानी आणि रशियन नियतकालिकांतले लेख त्या त्या भाषेच्या वाचकांपर्यंतच राहिले. तौलनिक साहित्याच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट नवी नाही. शोध कुठल्या भाषेत लागला यावरच बऱ्याचदा त्याचं नाव ठरतं.

या सगळ्या घडामोडींत भारतातले हौशी कुठे होते? कोलकात्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू हे १९२१ सालचे, देशातले पहिले हौशी रेडिओवाले मानले जातात. त्यांचं संकेतनाव ‘२ जेके’. त्यांच्यामागून मुकुल बोस, ‘२ एचक्यू’. दुसरं महायुद्ध सुरू झालं तसे परवाने बंद झाले आणि यंत्रं पोलिसांकडे जमा करण्याचे हुकूम निघाले. स्वतःची तार आकाशाला जोडणारा माणूस सत्तेला नेहमीच संशयास्पद वाटतो.

आणि तो संशय खोटाही नव्हता. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत ‘छोडो भारत’ची हाक उठली आणि नेते तुरुंगात गेले. तेव्हा २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘काँग्रेस रेडिओ’ हे गुप्त केंद्र सुरू केलं. यंत्र उभारण्यात नरिमन प्रिंटर या रेडिओ-तंत्रज्ञाचा हात होता. केंद्र आपली लहर जाहीर करायचं ती ४२.३४ मीटर अशी. हा आकडा आपण इतिहासाच्या पुस्तकांत वाचतो आणि पुढे जातो. पण तो मोजून पाहिला तर कळतं की ही सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झची लहर आहे, म्हणजे आजच्या हॅम मंडळींच्या ४० मीटर पट्ट्यातली. अशा लहरीचा पुरा डायपोल २० मीटरचा होतो. मुंबईच्या दाटीत तेवढी तार पोलिसांच्या नजरेतून वाचवणं सोपं नव्हे. पकडलं जाऊ नये म्हणून केंद्राच्या जागा पुन्हा पुन्हा बदलाव्या लागत. प्रत्येक नव्या जागेत भिंती वेगळ्या, उंची वेगळी आणि म्हणून तारेचा संरोधही वेगळा. आवाज देशभर पोचवणं ही धाडसाची गोष्ट होती हे आपल्याला माहीत आहे. ती संरोधाचीही गोष्ट होती, हे कोणी सांगत नाही. १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलिसांनी केंद्रावर छापा घातला. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली आणि १९४६ साली त्या सुटल्या.

युद्धाने मुंबईत हौशी तारा गप्प केल्या, तर दुसरीकडे त्यांच्यासाठी नवा निरोप्याही तयार केला. एका तारेभोवती दुसरी जाळीदार तार गुंडाळलेली कोअ‍ॅक्सियल केबल ही कल्पना जुनीच होती. अमेरिकेत एस्पेनशीड आणि अ‍ॅफेल यांनी १९२९ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला, तो अनेक टेलिफोन संभाषणं एकत्र वाहून नेण्यासाठी. रडारसाठी ही केबल प्रचंड प्रमाणावर बनली आणि युद्धानंतर उरलेला माल स्वस्तात हौशींच्या हाती आला. ती भिंतीला चिकटवता येते, खिडकीतून ओढता येते, पावसाची पर्वा करत नाही. तिचा संरोध बहुधा ५० ओहम. हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. आत हवा असलेल्या केबलीत सर्वांत कमी ऱ्हास ७७ ओहमच्या आसपास होतो आणि सर्वांत जास्त शक्ती ३० ओहमच्या आसपास वाहता येते. ५० ही दोहोंमधली तडजोड, जी पुढे प्रमाण बनली. प्रमाण भाषा जशी एखाद्या गावाची नसते आणि तरी सगळ्यांना तिच्यातच मोजलं जातं, तसं या ५० चं झालं.

केबलबरोबर मोजपट्टीही आली. जाणारी आणि परतणारी लहर एकत्र आली की तारेवर काही जागी उंचवटे, काही जागी खळगे तयार होतात. त्यांच्या प्रमाणाला एसडब्ल्यूआर म्हणतात. पूर्ण मेळ असेल तर ते एकास एक. जुन्या हौशींना हे उघड्या तारेजवळ छोटा दिवा सरकवत नेऊन पाहावं लागे. १९५६ मध्ये ल्यू मकॉय याने ‘क्यूएसटी’त घरी बनवता येईल असा एक साधा मापक दिला आणि हळूहळू प्रत्येक टेबलावर काटा हलू लागला. पुढे ट्रान्झिस्टरची यंत्रं आली. जुनी व्हॉल्व्हची यंत्रं वेगवेगळ्या संरोधांशी जुळवून घेत. नवी यंत्रं ५० ओहम मागत आणि परतीची लहर वाढली की स्वतःला वाचवण्यासाठी आवाज खाली करत. या दोन गोष्टींमुळे एक समज पक्का झाला: परतलेली शक्ती म्हणजे वाया गेलेली शक्ती, आणि काटा एकास एकवर नसेल तर अँटेना वाईट.

या समजाविरुद्ध वॉल्टर मॅक्सवेल उभा राहिला. तो आरसीए कंपनीत टिरॉस या पहिल्या हवामान उपग्रहाच्या अँटेनांवर काम केलेला अभियंता, आणि स्वतः हौशी. १९७३ पासून त्याने ‘क्यूएसटी’त लेखमाला लिहिली. तिचा गाभा असा: परतलेली लहर यंत्राच्या टोकाशी नीट जुळवून दिली तर ती पुन्हा अँटेनाकडे वळते. ती नष्ट होत नाही. नष्ट होतं ते फक्त तारेच्या स्वतःच्या ऱ्हासामुळे, जाता-येता. आकड्यांत पाहू. एक केबल अशी घ्या की पूर्ण मेळ असताना १०० वॉटपैकी ८९ वॉट अँटेनाला पोचतात. आता एसडब्ल्यूआर तीनास एक झाला, म्हणजे अँटेनापाशी पोचलेल्या लहरीतली चौथाई शक्ती परत फिरते. समजुतीप्रमाणे पाव भाग गेला. प्रत्यक्षात अँटेनाला पोचतात ८३ वॉट. सहा वॉटचा फरक पलीकडे ऐकणाऱ्याच्या कानाला कळतही नाही. केबल लांब आणि कंपनसंख्या उंच असेल तर तोटा वाढतो, हे खरं. पण तेव्हाही आधी केबलकडे बघायला हवं.

काट्याच्या भक्तीला आणखी दोन उत्तरं आहेत आणि ती मला फार महत्त्वाची वाटतात. पहिलं: यंत्राची चाचणी घ्यायला हौशी लोक ५० ओहमचा एक नुसता रोध वापरतात. त्याला जोडलं की काटा एकास एकवर स्थिर. मेळ अगदी निर्दोष. आणि आकाशात जवळजवळ काहीच जात नाही, सगळं उष्णतेत विरतं. दुसरं: केबल जितकी खराब, तितका टेबलावरचा काटा चांगला दिसतो. कारण परतीची लहर वाटेतच विरून जाते आणि मापकापर्यंत पोचतच नाही. तक्रार ऐकू येत नाही, म्हणजे तक्रार नाही असं नव्हे.

भाषांतर करणाऱ्यांनी हे दोन दाखले समोर लिहून ठेवावेत. कुठेच न अडखळणारं, कोणाचाच प्रतिकार परत न आणणारं भाषांतर मीही वाचलं आहे, संपादकांनी त्याला ‘ओघवतं’ म्हटलेलंही ऐकलं आहे. त्यातलं बरंचसं त्या रोधासारखं असतं. आत घेतलेलं सगळं सामावून घेतं आणि पलीकडे काही पोचवत नाही. परतणारी लहर निदान एवढं तरी सांगते की दोन बाजू खरोखर वेगळ्या आहेत.

मेळाची खरी किंमत मात्र वॉट मोजकेच असतात तेव्हा कळते. २००४ च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानातून हौशी प्रक्षेपण करण्यासाठी पोर्ट ब्लेअरच्या एका हॉटेलात केंद्र मांडून बसले होते. त्या बेटांवरून कित्येक वर्षं हौशी आवाज ऐकू आला नव्हता, म्हणून जगभरचे हॅम त्यांच्या संकेताची वाट पाहत होते. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला, मागोमाग त्सुनामी. टेलिफोन आणि वीज गेली. विक्रमांसाठी टांगलेल्या त्याच तारांवरून मग बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीपर्यंत जाऊ लागली. तेव्हा पलीकडे कान लावून बसलेल्या कोणालाही काटा कुठे आहे याची फिकीर नव्हती. नाव नीट ऐकू आलं का, एवढाच प्रश्न होता.